फॉर्मवर दोन, मशीनवर नऊ

कंपनीत 'कंप्लायन्स' हा शब्द निघाला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. वर्षातून एकदा मेल येतो, अमुक तारखेच्या आत ट्रेनिंग पूर्ण करा. आपण एका खिडकीत तो व्हिडिओ लावून देतो, दुसऱ्या खिडकीत आपलं काम चालू. शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा, त्यात आठ बरोबर आले की प्रमाणपत्र. सुटलो वर्षभरासाठी :-)

मी गेली काही वर्षं यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या पुण्यातल्या हापिसात सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या ईआरपीमध्ये निर्यातीच्या ऑर्डरीला एक लाल खूण लागू शकते. ती लागली की पॅकिंग झालेलं असो, कंटेनर येऊन उभा असो, माल गेटबाहेर पडत नाही. आणि ती खूण काढायचा अधिकार फक्त 'ट्रेड कंप्लायन्स' नावाच्या छोट्याशा विभागाला आहे. सेल्सचा सर्वांत मोठा साहेब जरी लॉगिन करून बसला तरी त्याला ते बटण दिसतच नाही. दिसू नये अशीच आम्हाला लेखी सूचना आहे.

मला याचं फार कुतूहल वाटायचं. धंदा करायला निघालेल्या कंपनीत धंदा थांबवायचा एवढा अधिकार या चार माणसांना कोणी दिला? कधी दिला? गेले दोन-तीन वीकांत त्यावर वाचन चाललं होतं. उत्तर एका ओळीचं नाही, पण त्यातला एक मोठा तुकडा १९८७ सालचा आहे आणि तो एखाद्या हेरकथेत शोभावा असा आहे. तो आज सांगतो.

पॅरिसमधली ती समिती

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. दुसरं महायुद्ध संपलं आणि शीतयुद्ध सुरू झालं. सोव्हिएत रशिया आणि त्याच्या मित्रदेशांना काय विकायचं आणि काय नाही, हे ठरवण्यासाठी अमेरिका आणि तिच्या दोस्तांनी १९४९ मध्ये एक समिती बनवली. तिचं लघुनाव कोकॉम. मुख्यालय पॅरिसमध्ये. आइसलँड सोडून नाटोचे देश त्यात होते आणि १९५२ मध्ये जपानही आला.

गंमत म्हणजे या समितीमागे कुठलाही करार नव्हता. सगळा मामला तोंडी समजुतीचा. समिती याद्या बनवायची: एक शस्त्रास्त्रांची, एक अणुऊर्जेची आणि एक औद्योगिक वस्तूंची. खरी डोकेदुखी ही तिसरी यादी. बंदूक ही बंदूकच असते, तिच्याबद्दल वाद नाही. पण कॉम्प्युटर? बेअरिंग? लेथ? यांचा साखर कारखान्यातही उपयोग आणि क्षेपणास्त्रांच्या कारखान्यातही. अशा दुहेरी उपयोगाच्या वस्तूंसाठी मग मर्यादा आखायच्या. इतक्या वेगापर्यंतचा कॉम्प्युटर चालेल, त्यापुढचा नाही. इतक्या अचूकतेपर्यंतचं मशीन चालेल, त्यापुढचं नाही.

याद्या समिती करणार, पण अंमलबजावणी प्रत्येक देशाने आपापल्या कायद्याने करायची. जपानात हे काम व्यापार आणि उद्योग मंत्रालयाकडे होतं. कंपनीने अर्ज भरायचा, मशीनची माहिती लिहायची, मंत्रालयाने कागद बघून परवानगी द्यायची. लक्षात घ्या, कागद बघून. मशीन बघायला कोणी जात नसे. म्हणजे सगळी भिस्त कशावर, तर कंपनीतला माणूस फॉर्मवर काय लिहितो यावर.

अक्ष म्हणजे काय

आता थोडं वर्कशॉपमध्ये जाऊ. इंजिनियरिंगला असताना ज्यांनी वर्कशॉपची सबमिशन्स मित्राकडून करून घेतली, त्यांनी हा भाग नीट वाचावा.

धातूचा ठोकळा कापायचा असेल तर हत्यार डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली सरकतं. हे तीन अक्ष. साध्या कामाला एका वेळी दोन अक्ष हलले तरी भागतं. पण समजा तुम्हाला जहाजाच्या पंख्याचं पातं घडवायचंय. ते पिळदार असतं, प्रत्येक इंचावर त्याचा कल बदलतो. तिथे हत्यार नुसतं सरकून चालत नाही, ते सतत कलतं आणि वळतंही ठेवावं लागतं. म्हणजे तीन सरकण्याचे आणि दोन वळण्याचे, असे पाच अक्ष एकाच वेळी, एका तालात हलले पाहिजेत. हा ताल हाताने जमत नाही, त्याला संगणकीय कंट्रोलर लागतो. कोकॉमने रेषा इथेच मारली होती. एकाच वेळी दोनपेक्षा जास्त अक्ष हलवणारी मोठी मशीनं रशियाला विकायची नाहीत.

आणि पंख्याच्या पात्यात एवढं काय आहे? तर पाणबुडी. पाणबुडीचं सगळं आयुष्य कशावर चालतं, तर ती ऐकू येत नाही यावर. पंखा वेगाने फिरला की पात्याच्या एका बाजूला पाण्याचा दाब घसरतो, बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. त्याचा आवाज समुद्रात दूरवर जातो. पात्याचा आकार जितका अचूक आणि पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका हा आवाज कमी. अमेरिकेने समुद्राच्या तळाशी ध्वनिग्राहकांचं जाळं पसरून ठेवलं होतं आणि सोव्हिएत पाणबुड्या कुठे फिरताहेत हे ते लोक किनाऱ्यावर बसून ऐकायचे. आपल्या पाणबुड्या इतक्या सहज ऐकू जातात हे सोव्हिएत नौदलाला कळलं, त्यात जॉन वॉकर या फितूर अमेरिकन नौसैनिकाचा मोठा हात होता. तो १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून नौदलाची गुपितं विकत होता आणि मे १९८५ मध्ये पकडला गेला.

थोडक्यात, रशियाला शांत पंखे हवे होते आणि ते घडवणारी मशीनं पाश्चात्य देशांत आणि जपानात होती.

सौदा

तर झालं असं. १९८० च्या सुमारास सोव्हिएत सरकारच्या आयात संस्थेने मॉस्कोतल्या जपानी व्यापाऱ्यांकडे चौकशी सुरू केली. वाको कोएकी नावाची एक छोटी जपानी ट्रेडिंग कंपनी मधे होती, सी. इतोह ही मोठी ट्रेडिंग कंपनी सौद्यात आली आणि मशीन बनवणार होती तोशिबा मशीन. ही तोशिबा कॉर्पोरेशनची उपकंपनी, निम्म्याहून किंचित जास्त शेअर मूळ कंपनीकडे. कंट्रोलर येणार होते नॉर्वेच्या कोंग्सबर्ग या सरकारी शस्त्रास्त्र कारखान्याकडून.

एप्रिल १९८१ मध्ये करार झाला. चार मशीनं, मॉडेल एमबीपी-११०. एकेक मशीन दोन-तीन मजली घराएवढं, वजन सुमारे २५० टन, अक्ष नऊ आणि त्यातले पाच एकाच वेळी चालणारे. किंमत चारांची मिळून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर. जायची होती लेनिनग्राडच्या बाल्टिक जहाजबांधणी कारखान्यात.

हे कोकॉमच्या यादीत सरळसरळ बसत होतं. परवाना मिळणं शक्यच नव्हतं. मग काय केलं असेल? काळोख्या रात्री खोट्या नावाच्या बोटीत माल चढवला? छे! फॉर्म भरला. मशीनच्या नावाच्या जागी टीडीपी-७०/११० नावाच्या एका साध्या उभ्या लेथचं नाव टाकलं आणि एका वेळी चालणारे अक्ष किती, तर दोन. मंत्रालयातल्या मूठभर माणसांपुढे अर्जांचा डोंगर. त्यांनी कागद बघितला, कागदावर सगळं नियमात होतं, शिक्का मारला. नॉर्वेतही कंट्रोलरच्या अर्जात खरं काय ते आलं नव्हतं. १९८२ च्या अखेरीपासून १९८३ च्या मध्यापर्यंत मशीनं रवाना झाली. पुढे १९८४ मध्ये पाच अक्षांची आणखी चार गेली. तोशिबा मशीनची आणि कोंग्सबर्गची माणसं लेनिनग्राडला जाऊन मशीनं बसवून, चालू करून देऊन आली.

मला या सगळ्यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट कुठली वाटते सांगू? हे किती जणांना माहीत असेल! अडीचशे टनांचं मशीन कोणी एकटा माणूस चोरून पाठवत नाही. डिझाइनवाला, जुळणी करणारा, पॅकिंगवाला, ड्रॉइंगवर सही करणारा, जहाजावर चढवणारा. यातल्या कोणालाही मशीनकडे बघून कळलं असतं की हे दोन अक्षांचं लेथ नव्हे. पण मशीन बघणाऱ्यांनी फॉर्म बघितला नाही आणि फॉर्म बघणाऱ्यांनी मशीन बघितलं नाही. ज्यांनी दोन्ही बघितलं त्यांना सौदा हवा होता.

एक पत्र

हे प्रकरण तिथेच गाडलं गेलं असतं. पण वाको कोएकीच्या मॉस्को हापिसात काम केलेले कुमागाई नावाचे गृहस्थ कंपनीशी बिनसून बाहेर पडले आणि डिसेंबर १९८५ मध्ये त्यांनी थेट पॅरिसला कोकॉमला पत्र लिहिलं. तपशीलवार: कोणतं मशीन, कुठे गेलं, कसं गेलं.

कोकॉमने जपान सरकारला विचारलं. मंत्रालयाने तोशिबा मशीनला विचारलं. तोशिबा मशीनने सांगितलं, छे हो, दोन अक्षांचंच होतं, हे बघा कागद. मंत्रालयाने तसंच कळवून टाकलं. म्हणजे ज्याच्यावर आरोप, त्याच्याकडूनच खुलासा घेऊन फाइल बंद. (आपल्याकडे असं काही होत नाही, त्यामुळे वाचकांना हे समजायला जड जाईल.)

अमेरिकेने मात्र विषय सोडला नाही. मार्च १९८७ मध्ये वॉशिंग्टन टाइम्सने बातमी छापली आणि मग जे वादळ उठलं ते विचारू नका.

हातोडे

मे महिन्यात तोशिबा मशीनच्या अध्यक्षाने राजीनामा दिला, दोन अधिकाऱ्यांना अटक झाली आणि मंत्रालयाने कंपनीला साम्यवादी देशांशी वर्षभर निर्यातबंदी केली. अमेरिकेला हे पुरेसं वाटलं नाही. ३० जून १९८७ ला अमेरिकन सिनेटने तोशिबाचा माल अमेरिकेत येऊ देऊ नये अशा तरतुदीच्या बाजूने ९२ विरुद्ध ५ असं मतदान केलं. दुसऱ्याच दिवशी तोशिबा कॉर्पोरेशनचे चेअरमन शोइची साबा आणि प्रेसिडेंट सुगिइचिरो वातारी या दोघांनी राजीनामे दिले. मूळ कंपनीला या सौद्याची कल्पना नव्हती, असं तोशिबाचं म्हणणं होतं. तरीही दोघं गेले. त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये संसदेसमोरच्या हिरवळीवर काही खासदारांनी तोशिबाचा कॅसेट प्लेअर ठेवला आणि कॅमेऱ्यांसमोर मोठमोठ्या हातोड्यांनी त्याचा चुरा केला. ते छायाचित्र जपानभर गेलं. तोशिबाने मग अमेरिकेतल्या अनेक वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन माफी मागितली.

आता थोडं थांबून विचार करू. हातोड्यांमागे नुसत्या पाणबुड्या होत्या का? १९८७ मध्ये अमेरिकेची जपानशी व्यापारतूट साडेपाच हजार कोटी डॉलरच्या घरात गेली होती. सेमीकंडक्टरवरून भांडण पेटलेलं होतं, एप्रिलमध्येच रेगन सरकारने काही जपानी इलेक्ट्रॉनिक मालावर १०० टक्के आयातकर लावला होता. राग साठलेला होताच, तोशिबाने त्याला निमित्त दिलं.

आणि पाणबुड्या खरंच या मशीनांमुळे शांत झाल्या का? इथेही पाणी गढूळ आहे. सोव्हिएत व्हिक्टर-३ वर्गाच्या पाणबुड्या १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून समुद्रात होत्या आणि त्या आधीच्यांपेक्षा शांत होत्या. तोशिबाचं पहिलं मशीन तेव्हा लेनिनग्राडला पोचलंही नव्हतं. शिवाय पाणबुडीचा आवाज पंख्याचाच असतो असं नाही, पंप, गिअर, इंजिन सगळ्यांचाच असतो. नॉर्वेच्या पोलीस तपासात तर असं बाहेर आलं की युरोपातल्या इतर कंपन्यांनीही आधीपासून रशियाला अशी मशीनं विकली होती, त्यात फ्रान्सचीही एक कंपनी होती. त्यांचे प्लेअर कोणी हातोड्याने फोडले नाहीत.

यामुळे तोशिबा मशीनचा गुन्हा कमी होत नाही. फॉर्म खोटा होता तो होताच. पण एका खोट्या ओळीवर पुढे कोणकोणते राग, राजकारणं आणि हिशेब येऊन बसतील हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे मला यातून दिसतं.

न्यायालयात काय झालं ते वाचून तर हसावं की रडावं कळत नाही. मुख्य मशीनांच्या निर्यातीला मुदतीचा कायदा लागला, खटला भरायची वेळ उलटून गेली होती. मग १९८४ मध्ये पाठवलेले सुटे भाग आणि सॉफ्टवेअर यावर खटला चालला. (हो, सॉफ्टवेअर. आपल्या मंडळींनी हा शब्द टिपून ठेवावा.) मार्च १९८८ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने दोघा अधिकाऱ्यांना दहा महिने आणि एक वर्ष अशा शिक्षा दिल्या, त्याही स्थगित. कंपनीला दंड २० लाख येन. तेव्हाच्या दराने साधारण सोळा हजार डॉलर!

खरी शिक्षा बाहेरून आली. ऑगस्ट १९८८ मध्ये रेगन यांनी सही केलेल्या व्यापार कायद्यात तोशिबा मशीन आणि कोंग्सबर्गची ट्रेडिंग कंपनी यांच्या मालावर अमेरिकेत तीन वर्षं बंदी आली आणि तोशिबा कॉर्पोरेशनकडून अमेरिकन सरकारने तीन वर्षं खरेदी करू नये असं ठरलं. सरसकट बंदी मात्र टळली, कारण तोशिबाचे सुटे भाग वापरणाऱ्या अमेरिकन कंपन्यांनीच वॉशिंग्टनमध्ये धावपळ केली. तिकडे कोंग्सबर्गचा जुना कारखाना आधीच कर्जात होता. १९८७ मध्ये तो आर्थिकदृष्ट्या कोसळला, त्याचे तुकडे झाले आणि संरक्षण विभाग तेवढा वेगळ्या नावाने पुढे चालला.

लाल खूण कुठून आली

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो.

जपानने सप्टेंबर १९८७ मध्येच कायदा कडक केला. कैद तीन वर्षांवरून पाच वर्षांवर, निर्यातबंदी एका वर्षावरून तीन वर्षांवर. पण माझ्या मते त्याहून मोठा बदल कंपन्यांच्या आत झाला. सरकारने निर्यातदारांना सांगितलं की फॉर्म आमच्याकडे पोचण्याआधीची तपासणी तुमच्या घरात झाली पाहिजे, तिचे नियम लिहून काढा. १९८९ मध्ये सिस्टेक नावाची संस्था निघाली, कंपन्यांना या नियमांची माहिती आणि प्रशिक्षण देण्यासाठी. तोशिबाने स्वतः निर्यात-तपासणीची नवीन यंत्रणा उभी केली. जगातल्या मोठ्या उत्पादकांनी हा धडा आपापल्या परीने उचलला.

त्या नियमांचं सार सांगायचं तर तीन प्रश्न. वस्तू काय आहे? घेणारा कोण आहे? तो तिचं करणार काय? पहिल्या प्रश्नासाठी मशीन समजणारा इंजिनियर लागतो. म्हणून आजही वस्तूचं वर्गीकरण करताना इंजिनियरिंगची सही लागते, नुसत्या सेल्सच्या सांगण्यावर भागत नाही. दुसऱ्यासाठी नावांच्या याद्या लागतात, हे काम आता सॉफ्टवेअर करतं. तिसऱ्यासाठी मात्र डोकं लागतं. अमेरिकन सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये संशयाच्या खुणांची यादी आहे, तिच्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं: छोट्याशा बेकरीने अत्याधुनिक कॉम्प्युटरची ऑर्डर दिली तर जरा थांबा. दुसरं असं, की गुंतागुंतीचं मशीन घेणारा गिऱ्हाईक म्हणाला, बसवून द्यायला आणि शिकवायला कोणी येऊ नका, तरीही थांबा.

आणि चौथा प्रश्न, जो फॉर्मवर नसतो: थांबवणारा माणूस कोणाच्या हाताखाली काम करतो? तोशिबा मशीनमध्ये सौदा मिळवणारे आणि फॉर्म भरणारे एकाच बाजूचे होते. म्हणून आज मोठ्या कंपनीत ट्रेड कंप्लायन्सचा प्रमुख सेल्सला रिपोर्ट करत नाही. तो कायदा विभागाला नाहीतर थेट वरच्या साहेबाला रिपोर्ट करतो. महिनाअखेरीला टार्गेट गाठायचं असताना ट्रक अडवायचा म्हणजे शिव्या खायच्याच. त्या खाऊनही त्याची नोकरी, बढती आणि बोनस शाबूत राहतील एवढी सोय केलेली असेल, तरच त्या लाल खुणेला अर्थ.

शॉप फ्लोअरवरही या धड्याच्या खुणा दिसतात. जपानी कंपन्यांच्या अनेक पाच-अक्षी मशीनांमध्ये आज एक यंत्रणा असते. मशीन मूळ जागेवरून हलवलं की ते आपोआप बंद पडतं. कंपनीचा माणूस येऊन, कुठे आणि का हलवलं ते तपासून, पुन्हा चालू करून देईपर्यंत ते ढिम्म. फॉर्मवर एक पत्ता आणि मशीन दुसऱ्याच पत्त्यावर, हे होऊ नये म्हणून.

आपल्या बाजूने

आपण भारतीय या याद्यांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलोय. १९८० च्या दशकात आपल्याला अमेरिकेकडून क्रे कंपनीचे सुपरकॉम्प्युटर हवे होते, तेव्हा परवान्याचं घोडं अडलं. हवामानासाठी एक मिळाला, तोही मागितला त्यापेक्षा कमी ताकदीचा आणि वापरावर पहाऱ्याच्या अटी घालून. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. विद्यापीठाच्या रस्त्याने जाताना जी संस्था दिसते, तिच्या जन्माशी कोणाच्या तरी निर्यात-फॉर्मचा संबंध आहे.

कोकॉम मार्च १९९४ मध्ये बरखास्त झालं. त्याच्या जागी १९९६ पासून वासेनार व्यवस्था आली आणि २०१७ मध्ये भारत तिचा सदस्य झाला. म्हणजे आता यादी राखणाऱ्यांत आपणही आहोत. आपली स्वतःची यादी आहे, स्कोमेट नावाची, ती विदेश व्यापार महासंचालनालय चालवतं.

आणि यातला आपल्या पिढीला थेट लागू होणारा भाग असा, की आता निर्यात व्हायला कंटेनर लागत नाही. यादीतल्या वस्तूचं ड्रॉइंग परदेशातल्या सहकाऱ्याला ई-मेलने पाठवलं, ती निर्यात. अमेरिकेतल्या सर्व्हरवरची नियंत्रित डिझाइनची फाइल हिंजवडीत बसून उघडली, अमेरिकन कायद्याच्या नजरेत तीही निर्यात. सर्व्हरवर अमुक फोल्डर तुम्हाला का दिसत नाही म्हणून आयटीवाल्यांना शिव्या घातल्या असतील तर त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं.

दोन पुढच्या गोष्टी

एवढं सगळं वाचून असं वाटेल की यंत्रणा उभी राहिली, प्रश्न सुटला. तसं नाही, आणि त्याचे दोन पुरावे जपानातलेच आहेत.

पहिला तोशिबाचाच. ज्या कंपनीने निर्यातीच्या बाबतीत एवढा मोठा धडा घेतला, तीच २०१५ मध्ये हिशेबात वर्षानुवर्षं फुगवलेल्या नफ्यावरून पकडली गेली. तपासात असं आढळलं की वरून अशक्य टार्गेट यायची आणि खालच्यांना नाही म्हणता येत नव्हतं. पुन्हा वरिष्ठांचे राजीनामे. डिसेंबर २०२३ मध्ये तोशिबाचं नाव टोकियोच्या शेअर बाजारातून गेलं. एका दाराला कुलूप लावलं म्हणून घर सुरक्षित होत नाही.

दुसरा उलट्या बाजूचा. ओहकावारा काकोहकी ही योकोहामाची छोटी कंपनी. द्रव पदार्थाची भुकटी करणारी यंत्रं बनवते, इन्स्टंट कॉफी किंवा दुधाची पावडर होते तशी. मार्च २०२० मध्ये पोलिसांनी अध्यक्षासह तिघांना अटक केली. आरोप असा, की या यंत्राचा जैविक अस्त्रांसाठी उपयोग होऊ शकतो आणि ते परवान्याशिवाय चीनला विकलं. सगळा वाद नियमातल्या 'निर्जंतुकीकरण' या एका शब्दाच्या अर्थाचा. महिनोन् महिने जामीन नाही. तिघांतल्या एका सल्लागाराला कोठडीत असताना कर्करोग झाल्याचं कळलं, तरी जामीन मिळाला नाही आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ते गेले. जुलै २०२१ मध्ये, खटला उभा राहायच्या काही दिवस आधी, सरकारने आरोप मागे घेतले. मे २०२५ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने तपास बेकायदा ठरवून सुमारे १६ कोटी ६० लाख येन भरपाई द्यायला लावली. इथे कंपनीने खोटं लिहिलं नव्हतं. यंत्र समजून न घेता यादी वाचली गेली होती, आणि त्याची किंमत एका माणसाने भरली.

तोशिबाच्या फॉर्मवर 'नऊ'चे 'दोन' झाले आणि ओहकावाराच्या बाबतीत दुधाच्या पावडरीचं अस्त्र झालं. दोन्हीकडे हवा होता तो एकच माणूस: ज्याला यंत्रही कळतं, नियमही कळतो आणि जो मधे उभा राहून म्हणू शकतो, थांबा, आधी बघून घेऊ. त्या नोकरीला आपण हापिसात 'ट्रेड कंप्लायन्स' म्हणतो आणि त्यांचा मेल आला की न वाचता बाजूला टाकतो.

असो, लेख बराच लांबला. जाता जाता एकच. कुमागाईंना पॅरिसला पत्र लिहावं लागलं, कारण वाको कोएकी, सी. इतोह आणि तोशिबा मशीन या तिन्ही ठिकाणी हे ऐकून घेईल असं कोणी नव्हतं. आज बहुतेक मोठ्या कंपन्यांत त्यासाठी एक फोन नंबर असतो, नाव न सांगता बोलता येतं. कॉफी मशीनच्या शेजारी पोस्टर लावलेलं असतं, त्यावर तो लिहिलेला असतो. सोमवारी कॉफी भरता भरता एकदा बघून ठेवा. लागणार नाही बहुतेक. पण तेव्हा तो लेनिनग्राडला गेलेल्या तोशिबाच्या फिटरलाही कुठे मिळाला होता!